बिनशिदोरीचं बी

सांबावाच्या वरच्या अंगाला, उजाडायच्या आत
झाफिनोरो वेलींत शिरते.
हातात टोपली नाही, कोयता नाही.
केसांत खोचलेला लिंबाचा एक काटा, बस्स.

व्हॅनिलाचं फूल पहाटे उमलतं
आणि दुपारपर्यंत मान टाकतं.
तेवढ्यात लग्न लागलं तर लागलं.
ज्या माशीला हे काम येत होतं
ती पार मेक्सिकोतच राहिली;
वेल बोटीत चढली, माशीला कुणी विचारलं नाही.

म्हणून काटा.
पाकळी चिरायची, आतला पडदा,
दोघांच्या मधे धरलेला तो नखाएवढा अंतरपाट,
काट्याच्या टोकाने वर सारायचा
आणि अंगठ्याने पराग दाबायचा.
मंगलाष्टका नाहीत. अक्षता नाहीत. पुढचं फूल.
सूर्य कासराभर वर येईस्तोवर
चारशे लग्नं, आणि मान अवघडलेली.

न जुळलेलं फूल परवापर्यंत गळतं.
जुळलेलं सुकतं, पण देठ सोडत नाही.
मग नऊ महिने.
हे गणित ती बोलून दाखवत नाही;
दोनदा तिच्या पोटात ते पुरं भरलं नव्हतं.

शेंगेवर टाचणीने आपली खूण टोचायची, चोरांसाठी.
गरम पाण्यात बुडवायची, घोंगडीत घाम काढायचा,
उन्हं दाखवायची, तेव्हा कुठे वास.
हिरव्या शेंगेला कसलाच वास नसतो.

"हे काय?" हाइंगोने विचारलं.
आठ वर्षांची पोर, फुटक्या शेंगेत घातलेलं बोट
काजळासारखं माखलेलं.
"बी. हजारो."
"मग पेरत का नाही?"

झाफिनोरो हसली. वेल तुकड्यानेच लावतात,
तिच्या आईनेही तुकडाच लावला होता,
म्हणजे या डोंगरावर ही एकच वेल आहे म्हण,
कापून कापून पसरलेली, वय विसरलेली.
भाताच्या दाण्यात कोंबापुरती शिदोरी असते.
हे बी धुळीसारखं, रिकाम्या हाताने निघालेलं.
मातीतल्या एखाद्या बुरशीने ओटीत घेतलं तरच.
इतकी लग्नं लावली,
नातवंड एकाचंही पाहिलं नाही.

हाइंगोने बोट एका कुजक्या ओंडक्यावर पुसलं.
रोज शाळेआधी जाऊन बघते.
आतापर्यंत शेवाळ, एक गोगलगाय,
आणि हिरवं काहीतरी, जे गवतही असेल.
आईला विचारलं तर म्हणते, गवतच आहे.

पण परवा ओंडक्याजवळचं तण काढताना
तेवढं तिने सोडलं.