तीस सेकंद

नंबर लावला की आधी बाईचा आवाज येतो :
आपला संदेश बीपनंतर सांगावा, वेळ तीस सेकंद.
मग एकाच वेळी वाजतात
गंगाकाठच्या बावीस गावांतले सगळे फोन,
चुलीजवळचे, चार्जिंगला लावलेले,
कापसाच्या ओळीत बंडीच्या खिशात घामेजलेले.

ग्रामपंचायतीत ऑपरेटर मी.
त्या दिवसापर्यंत माझ्या आवाजाला काम एकच :
"लाईन गेलीय, उद्या या."

दारात पंचशीला वाव्हळे.
धाप लागलेली, हातात लेकीचं दप्तर.
नाव? विशाखा.
वय? नववं चालू.
अंगात काय होतं?
गप्प.
सकाळी स्वतःच्या हातानं बटणं लावली होती तिनं
आणि आता रंग आठवेना.
जांभळा म्हणाली. मग नाही म्हणाली.
मग भिंतीकडं बघत राहिली,
जसं काही तिथंच वाळत घातलाय फ्रॉक.

आणि एकदम :
"डाव्या चपलीला दोरी बांधलीय वो,
अंगठा तुटला होता, मीच बांधली,
खताच्या पोत्याची, निळी."

तीस सेकंदांत चपलीला कुठली जागा.
मी कागदावर उतरवलं : मुलगी, नऊ वर्षे, सावळी,
शाळेच्या नळावरून,
पांढऱ्या छोट्या हत्तीतून, तोंड परळीच्या रस्त्याला.
वाचताना घसा दाटला, दोन शब्द गिळले,
तेवढीच जागा झाली, आणि तोंडातून गेलं :
डाव्या चपलीला निळी दोरी.

असरला अजून वेळ होता, तरी नईमभाईंनी
मशिदीचा भोंगा लावून तेच सांगितलं.
देवळातला भोंगा जळालेला,
म्हणून पुजाऱ्याचा पोरगा सायकलवर ओरडत गेला.

गंगेपलीकडं कौतिकाबाई
शेळ्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसली, हत्तीची वाट बघत.
लहान. पांढरा. सोंडेचा.
हत्ती काही आला नाही.
दिवस मावळताना बंद वीटभट्टीच्या मागं
शेळ्या बुजल्या.
नुसतीच एक छोटी गाडी उभी,
ताडपत्रीखालून आलेला एक पाय,
चपलीला दोरी.
ती ओरडली नाही. आधी गाडीत चढली,
लेकरू पदरात घेतलं,
आणि मग अशी ओरडली
की फोन न वाजताच माणसं धावली.

मी लगेच दुसरा संदेश सोडला :
मुलगी सापडली. सुखरूप आहे. धन्यवाद.
सात सेकंद. तेवीस कोरेच गेले.
तो कुणीच पुढं पाठवला नाही.

पहिला मात्र कुणीतरी धरून ठेवला होता.
सात वर्षं झाली, फिरतोय.
कधी विशाखा नागपूरची असते, कधी निजामाबादची,
खाली फोटो भलत्याच लेकराचा.
ती आता लातूरला, अकरावीला.
मागं तिलाच आला. फोन करून म्हणाली,
"काका, मी अजून हरवलेलीच हाय वो.
निदान चप्पल तरी बदला."

परवा परभणीच्या स्टँडवर
शेजारच्या बाकावरच्या फोनात माझाच आवाज.
चार डोकी वाकलेली. च्‌ च्‌ चाललेलं.
मी म्हणलं, सापडली ती पोरगी.
"तुला कसं माहीत?"
एका बापानं लेक उचलून दुसऱ्या कडेवर घेतली.
एकानं माझी पिशवी धरली.
एकानं मोबाईल वर केला, माझ्या तोंडासमोर.
चारांचे चौदा कधी झाले कळलं नाही.
मी म्हणलं, आवाज माझा हाय तो.
"मग बोल."

बोललो.
मुलगी, नऊ वर्षे, सावळी.
शाळेचा नळ. पांढरा छोटा हत्ती.
घसा तिथंच दाटला, जिथं तेव्हा दाटला होता.
पिशवी सुटली.
मी दोरीपर्यंत आलो तेव्हा
बाकावरची एक म्हातारी वाकून
येणाऱ्या-जाणाऱ्या लेकरांचे पाय बघायला लागली होती.