बाकी

विगनला, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
दर गुरुवारी टेबल टेनिस.
दोन टेबलं धड, दोन डुगडुगती,
आणि आम्ही नऊ जण.

वेळापत्रक डेरेक करायचा,
आलेखाच्या वहीत, पेन्सिलीनं, सोळा वर्षं.
मोतीबिंदू झाला तेव्हा वही माझ्यापुढे सरकवत म्हणाला,
"तू दिवसभर गोळ्याच मोजतेस. तुला जमेल."

फार्मसीतून आल्यावर, भांडी निथळत असताना
मी स्प्रेडशीट उघडली.
उभी माणसं, आडवे आठवडे.
आठवड्याच्या आकड्यातून माणसाचा आकडा वजा कर,
नवानं भाग,
भागाकार टाकून दे,
बाकी तेवढी ठेव.

एका घरात सूत्र लिहिलं,
कोपरा धरून खाली ओढलं, मग उजवीकडे,
आणि एक्क्याऐंशी घरं भरली
एका दमात पंगतीला मीठ वाढावं तशी.

फक्त तिसऱ्या आठवड्यात पॉलीनसमोर शून्य.
नीट पाहिलं तर जिथे जिथे डेरेक हवा
तिथे तिथे शून्य.
नवाला नवानं भागल्यावर उरणार काय!
ज्यानं सोळा वर्षं सगळ्यांच्या जोड्या लावल्या
तोच नेमका भागाकारात विरघळला.

रात्री साडेअकराला उपाय सापडला.
भागायच्या आधी एक काढून घ्यायचा,
भागून झाल्यावर परत द्यायचा.
घेतला तेवढाच दिला, आणि तरी
डेरेक जागेवर आला.
उसनवारीत असं क्वचित घडतं.

मग दिसलं ते दुसरंच:
दर आठवड्याला कुणीतरी एक
स्वतःच्याच समोर उभा.
पहिल्यात स्लावेक विरुद्ध स्लावेक,
सहाव्यात पॉलीन विरुद्ध पॉलीन,
चौथ्यात मी, आणि मी.
चुकलं वाटून डेरेकची वही काढली.
त्या त्या चौकोनात त्यानं
नखाएवढी किटली काढलेली.
नऊ विषम. एक जण उरणारच.
जो उरेल त्यानं चहा करायचा.

माझा चौथा आठवडा मला आवडायचा.
किटली तापेपर्यंत ओट्याला टेकून उभं राहायचं,
भिंतीपलीकडे चार चेंडू, कुणाचा तरी ओरडा,
कुणाचं तरी "सॉरी, लव्ह",
आणि ऐकू येतील ते गुण
मी मनात मोजायची ते मराठीत,
नऊ-सात, दहा-सात, गेला.
हातात बॅट असताना
मी इंग्रजीत मोजते. का, कुणास ठाऊक.

नोव्हेंबरात तेंदाई आला.
बस चालवतो. डावखुरा.
दहा झालो. सम झालो.
ज्याची गाठ स्वतःशी, त्याची आता तेंदाईशी:
सूत्रात एक 'जर' वाढवला, पाच मिनिटांचं काम.
संडे स्कूलच्या खोलीतून पाचवं टेबल आणलं.
पॉलीननं टाळ्या वाजवल्या, म्हणाली, आता कुणी एकटं नाही.
डेरेक छापलेला कागद नाकाला लावून बराच वेळ बघत होता.
"छान आहे," तो म्हणाला.
"चहा कोण करणार?"

कुणी बोललं नाही.
पुढच्या गुरुवारी स्लावेकनं थर्मास आणला.
त्यातला चहा प्यायला की
थर्मासचीच चव येते.

चौथ्या आठवड्यात तेंदाईनं मला धुतलं:
अकरा-तीन, अकरा-चार, अकरा-दोन.
प्रत्येक गेमनंतर माफी मागितली, तीही मनापासून.
मधेच एकदा चेंडू स्वयंपाकघरात घरंगळला,
मी आणायला गेले
आणि लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ लावला.

रविवारी कराडहून ताईचा फोन.
गुडघे झाले, भाचीचं स्थळ झालं,
मग नेहमीसारखं: "बाकी काय?"
मी म्हटलं, "बाकी उरलीच नाही गं आता."
तिला वाटलं, घराचं कर्ज फिटलं.
म्हणाली, "अगंबाई! मग पेढे वाट की."