कोरडी

उणे बावन्न.
दार उघडलं की आधी धुकं आत शिरतं,
मागून माणूस.

बाबा चुलाण्याशी बसलेत. डावा हात मांडीवर,
कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.
वसंतापासून जीभही अर्धीच वळते,
पण बंदूक पुढ्यात आली की शब्द बरोबर सापडतात.
"काढ," म्हणतात. "सगळं काढ."

बोल्ट बाहेर. स्प्रिंग बाहेर. सुई बाहेर.
जुन्या मोज्याचं फडकं रॉकेलमध्ये बुडवून
मी पुसते, काडीला कापूस गुंडाळून खाचा कोरते.
उन्हाळाभर ह्याच बोटांनी तिला तेल पाजलं होतं,
पावसात गंजू नये म्हणून, नदीच्या दमट वाऱ्यात.
आता ते थेंबाथेंबानं परत मागायचं.
फडकं पांढरं निघतं.
"अजून," बाबा म्हणतात.

मग न्यूकूसच्या दप्तरातली पेन्सिल.
(उद्या शाळेत तो रडणार.)
तिचं शिसं खरवडून काळी भुकटी करायची,
चिमूटभर, चुलीवरच्या भाजीत मीठ टाकावं तशी,
घासणाऱ्या जागी चोळायची. बस्स, एवढंच वंगण.
नळीच्या तोंडाला चिकटपट्टी, बर्फ आत जायला नको;
गोळी जाताना ती फाडून जाते, गोळीला त्याचं काही नसतं.

आणि मग थंड ओसरीत, खिळ्याला टांगून ठेवायची.
पुन्हा आत नाही. कितीही माया आली तरी आत नाही.
उबेत तिला घाम फुटतो,
आणि बाहेर पडल्यावर त्या घामाचं कुलूप होतं.

मी अकरा वर्षांची होते.
बाबा पहाटे निघणार होते, आणि मला वाटलं
की बंदूक चमकली पाहिजे.
आईच्या शिलाई मशिनची कुपी. तीन थेंब.
नाही, चार असतील.

एल्क शंभर पावलांवर उभा होता, म्हणे, आडवा.
बाबांनी घोडा ओढला.
आत सुई निघाली ती म्हाताऱ्या माणसासारखी,
अंथरुणातून उठून, चपला शोधत.
टिक्.
एवढंच. एल्कनं मान वळवली, पाहिलं,
आणि झाडांत झाड झाला.

त्या फेब्रुवारीत आम्ही करडी घोडी कापली.
तिच्या पोटात शिंगरू होतं.
मी मांस खाल्लं. भूक लागली होती.
कुणीच काही विचारलं नाही,
आणि मी एकोणतीस वर्षं काही सांगितलं नाही.
सिलिप्पियन काका दर हिवाळ्यात बाबांना चिडवायचे,
"बाह्यलाय, तुझ्या बंदुकीला झोप लागते,"
आणि बाबा म्हणायचे, "हो, माझीच चूक."

आज बोल्ट त्यांच्यासमोर धरला.
त्यांनी उजव्या हातानं तो नाकाशी नेला,
डोळे मिटून, बराच वेळ.
"बरंय," म्हणाले. मग अर्ध्या तोंडानं, सावकाश,
"शिलाई मशिनचा वास
नाही येत."

चुलाण्यात लाकूड तडकलं.
मी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
बाबांच्या चांगल्या गालावर हसू होतं,
दुसरा गाल त्याची वाट पाहत होता.
मग मीही हसले. हसत हसत नाक पुसलं,
काळ्या हातानं, आणि ते आणखी हसले.
रानाच्या बायनायला हसणारी माणसं आवडतात, असं म्हणतात.

विस्तवाला लोण्याचा गोळा दिला. हातमोजे चढवले,
त्यावर केसाळ मोजे, दोरीनं गळ्यात.
आमच्यात शिकारीला जाते असं म्हणत नाहीत,
रान ऐकतं.
"जरा बघून येते," मी म्हटलं.
"कुठे?" न्यूकूसनं अंथरुणातून विचारलं.
"उगाच," बाबा म्हणाले.

ओसरीत ती टांगलेली होती.
कोरडी.
मी श्वास बाजूला सोडला
आणि तिला खांद्यावर घेतलं.