पर्यायांत भाटवा नाही

तीस प्रश्न, पस्तीस मिनिटं.
एका प्रश्नाला सत्तर सेकंद.
सत्तर सेकंदांत आमच्या गॅसवर
अर्धा लिटर दूध उतू जातं, मी मोजलंय,
आणि त्यासाठी बोलणीही खाल्लीयेत.

रेंज पाण्याच्या टाकीच्या अकराव्या पायरीवर.
तिथे बसते. दिग्रसहून प्रांजू गेडाम प्रश्न वाचते
आणि मी वहीत गोल काढते.
आठ जण टेबलाभोवती बसलेत, तोंडं आत.
ए च्या उजवीकडे तिसरा एफ.
जी, एच च्या शेजारी नाही.

गोल टेबल मी एकदाच पाहिलंय,
दारव्ह्याच्या लॉनवर, कुणाच्या तरी लग्नात.
त्यावर आइस्क्रीमचे कप रचलेले होते,
भोवती कुणी बसलं नव्हतं.
आमच्याकडे पंगत बसते, सरळ,
आणि जी एच च्या शेजारी का बसत नाही
हे वाढणाऱ्यालाही ठाऊक असतं:
धुऱ्याचं भांडण, दोन हजार अकराचं.
पेपरात कारण देत नाहीत.

दिशांचे प्रश्न सोपे.
एक माणूस घरून तीन किलोमीटर उत्तरेला जातो,
उजवीकडे वळून चार.
आता घरापासून किती दूर?
पाच. पाठ आहे.
पण पायरीवरून दिसतं ना सगळं:
उत्तरेला तीन म्हणजे जिनिंग,
उजवीकडे चार म्हणजे फाटा,
आणि ती पाचाची तिरपी रेघ
अडाणच्या पात्रातून जाते, जिथे रेती उपसल्यापासून
कमरेइतका डोह झालाय,
मग सुदाम भोयरच्या तुरीतून,
मग त्याच्या कुत्र्यासमोरून.
परत यायचं तर सातच.
पाच लिहिते.

नात्यांचे प्रश्न मात्र घरी, झेरॉक्सवरून.
आई तुरीच्या शेंगा सोलत होती.
मी मोठ्यानं वाचलं:
फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून एक माणूस म्हणतो,
हिच्या आईच्या एकुलत्या एका भावाची
एकुलती एक मुलगी माझी बायको आहे.
बाप्यांना चौकोन, बायांना गोल,
नवरा-बायकोला दुहेरी रेघ,
मी अजून मामापर्यंतच पोचले होते.

"भाटवा," आई म्हणाली.
शेंग तिच्या बोटांतच होती.
"मामेबहिणीचा नवरा भाटवाच लागते नं वं.
इतक्यासाठी कायले कागद काळा करून रायली?"

पर्यायांत भाटवा नव्हता.
ब्रदर-इन-लॉ होता. दीर, साडू, मेहुणा, भाटवा
एकाच पोत्यात कोंबून तोंड शिवलेलं.
खूण केली. बरोबर.
अकरा सेकंद.

सही करताना जीभ दातांत धरणारी माझी आई
त्या रात्री सोळा प्रश्न सोडवून बसली,
सोळाचे सोळा, एकही रेघ न ओढता.
सतराव्याला थांबली.

"एकुलती म्हंजे?"
म्हणजे एकच.
"झाली एकच, का राह्यली एकच?"

मी झेरॉक्स उलटी करून पाहिली.
मागे कोरं होतं.
सोले टोपलीत पडत होते, मग पडायचे थांबले.
माझ्या आधीची, चार महिन्यांची,
रेशनकार्डावर चढायच्या आधीच गेलेली.
चुकलं की पाव गुण कापतात.
हा सोड, म्हटलं, पुढचा घे.
"घे," ती म्हणाली, पण पुढचे तिनं ऐकले नाहीत.

आज कंपनीच्या फॉर्मची शेवटची तारीख.
अकराव्या पायरीवर, रेंजची एक कांडी.
नाव, गाव, बारावीचे टक्के, पिनकोड.
मग एक बारका चौकोन: भावंडं किती.
शून्य टाकलं.
खोडलं.
एक टाकलं.
खोडलं.
रिकामा सोडला तर लाल अक्षरं,
हा रकाना भरणे आवश्यक आहे.

खाली नळाला पाणी आलं होतं,
कुणाची तरी घागर भरून वाहत होती.
कानात प्रांजू,
"काय वं, हँग झाला का तुहा फोन?"

हाव, म्हटलं.