बारदान वजा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी पट्टी लिहिते. सोळा वर्षं झाली.
पहाटे गाड्या लागतात,
आधी लासलगावकडच्या मातीचा वास उतरतो, मग माल.
सर्जेनाना पाठीवरचं पोतं काट्यावर ठेवतात,
आकडा ओरडतात, मी लिहिते:
बावन्न पाचशे. एकावन्न. बावन्न दोनशे.
आणि सगळ्यात खाली, कुणी न सांगता,
बारदान वजा.

गुरुवारी संध्याकाळी कोपरखैरण्याला
सोसायटीच्या हॉलमध्ये प्रवचन असतं.
मी लवकर जाते, पंख्याखालची जागा मिळते म्हणून.
खरं कारण हेच, लपवून काय करू.
इंदुताई सांगत होत्या:
तुम्ही देह नाही, तुम्ही मन नाही,
कांदा सोलावा तसं एकेक सोलत जा,
आत जे उरेल ते तुम्ही.
सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसू आलं.
कांदा सोलून आत काही उरत नाही,
नुसते डोळे चुरचुरतात.
हे आमच्याकडे चहावाल्याच्या पोरालाही ठाऊक.

दुसऱ्या दिवशी नानांना सांगितलं.
तंबाखू मळत त्यांनी ऐकलं,
मग माझी नेहमीची कुरकुरही ऐकली:
जपाला बसलं की डोक्यात गॅसची तारीख,
लेकीची फी, सासूबाईंचा तीन दिवसांपूर्वीचा टोमणा.
म्हटलं, नाना, मनच खोटं माझं.

नाना उठले.
एक रिकामी गोणी काट्यावर टाकली.
"वाच."
सातशे ग्रॅम.
नळाखाली धरली, जराशी पिळली, परत टाकली.
"वाच."
दीड किलोच्या वर.
"माल कुठं वाढला गं?"
एवढंच म्हणाले,
आणि वाराईचे पैसे मागायला शेठकडे गेले.

दिवसभर मी त्या ओल्या गोणीकडे बघत राहिले.
रात्री छातीवर जे जड बसतं
ते मी नव्हे तर,
मी शोषलेलं पाणी.

पण मला राहवेना.
जेवणाच्या सुट्टीत विचारलं,
मग टाकूनच द्यावं ना बारदान?
नानांनी हनुवटीनं समोर दाखवलं.
तिथं एक पोतं उसवलं होतं,
कांदे गडगडत गटारापर्यंत गेलेले,
दोन हमाल शिव्या देत त्यांच्यामागे.
"बिनबारदानाचा माल. बघून घे."

शनिवारी सासूबाईंना डायलिसिसला नेलं, वाशीला.
तिथंही आधी काटा असतो.
चपला काढा, पर्स माझ्याकडे द्या, सरळ उभ्या राहा.
शीजा सिस्टर आकडा लिहिते,
त्यातून नेहमीचं कोरडं वजन वजा करते:
"पावणेतीन किलो पाणी, आजी. किती प्यायलात?"
आजी भिंतीकडे बघतात.

दोन वर्षं मी त्यांना आणते इथं.
दोन वर्षं तो आकडा ऐकते.
त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.
पावणेतीन किलो.
एवढं अंगात साचलेलं घेऊन
ही बाई रोज सकाळी
माझ्या चहाला नावं ठेवायला उठते.

त्या काट्यावरून उतरल्या
तेव्हा आकडा घसरत घसरत शून्यावर आला
आणि क्षणभर थांबला.
तेवढ्यात तिथं सासू नव्हती, सून नव्हती,
टोमणा नव्हता, औषधांचं बिल नव्हतं.
काय होतं ते मी सांगणार नाही.
इंदुताईंकडे त्याला शब्द आहे,
माझ्याकडे फक्त पुढचा पेशंट येईपर्यंतचा वेळ होता.

चार तास मशिनची घरघर.
मी माळ काढली नाही. त्यांचा गार पडलेला हात
माझ्या पदराखाली घेऊन बसले.
त्यांनी डोळे न उघडता विचारलं,
"रात्री भाजी काय?"
म्हटलं, दुधी.
"बटाटा घाल की थोडा."
बटाटा चालत नाही तुम्हाला, सिस्टर ओरडेल.
"तू बाजारात बसतेस बटाट्याच्या,
आणि मला दुधी."

हा टोमणा मी लिहून घेतला.
खाली रेघ मारली.
मग, जमेल तेवढं,
वजा केलं.