ऑडलिंगांचं रीळ

पहिली गोष्ट: वाळू गेली असेल तर हँडल फिरवायचं नाही.
हे मला कळलं
तीन वेढे फिरवून झाल्यावर.

मेबलथॉर्पचा किनारा, ओहोटी, संध्याकाळचे साडेचार म्हणजे अंधारच.
आठवड्यासाठी मागून आणलेलं रीळ
हातातून सुटलं आणि तोंडावर पडलं.
मी मफलरने पुसलं, घाबरून फिरवलं.
आत काहीतरी दळलं गेलं.

घरी नवरा म्हणाला, नवं घेऊन देऊ, त्यात काय.
मी म्हटलं, त्यातच आहे.
गुरुवारी परत द्यायचंय.

नळ बारीक सोडायचा.
जोराचं पाणी वाळूला आणखी आत ढकलतं.
तीन स्क्रू, एक वॉशर, कडेची पितळी चकती
अंड्यांच्या खोक्यात, निघाली त्या क्रमाने.
बेअरिंगवरची तारेची कडी टाचणीने उचलली
आणि ती उडाली.
फ्रिजखाली टॉर्च घेऊन मी पालथी,
मुलगा जिन्यावरून विचारतोय, आई, काय शोधतेस?
नखाएवढी कडी. झोप तू.

जॅमच्या बरणीत लायटरचं पेट्रोल,
त्यात दोन बेअरिंगं टाकून झाकण लावलं, हलवलं.
झाकण उघडलं तर वासासरशी
इस्लामपूर, ताजुद्दीनचं सायकलचं दुकान,
रॉकेलच्या वाटीत छर्रे
आणि ते मोजायला बसवलेली मी.
एक कमी भरला तरी तो रागवायचा नाही,
तंबाखूच्या डबीतून दुसरा काढायचा.
इथले छर्रे पिंजऱ्यातच राहतात,
मोजायचं काम नाही.
तरी मोजले. सात आणि सात.

बरणीच्या तळाशी आधी पांढरट वाळू बसली,
शिंपल्याचा एक कपचा.
मग दुसऱ्या धुण्याला त्यावर काळपट काहीतरी,
माझ्या संध्याकाळीपेक्षा जुनं.
ते मी पाहिलं. थांबले नाही.
तिसऱ्यांदा पेट्रोल स्वच्छ निघेपर्यंत धुतलं.

तेलाचा एकच थेंब.
दिवसभर औषधांच्या दुकानात असते मी,
थेंब म्हणजे किती ते मला कळतं.
पेन्सिलीवर अडकवून बोटाने टिचकी दिली:
बावीस सेकंद, आवाज नाही.
रात्री पावणेदोनला
मी एकटीच हसले.

गुरुवारी ऑडलिंगांनी दारातच हँडल फिरवलं.
कानाशी नेलं. पुन्हा फिरवलं.
“गेली,” म्हणाले.
काय गेली?
“खरखर.
अंधारात मला तिच्यावरूनच कळायचं,
गळाला मासा आहे की शेवाळ.”

रागाने नाही म्हणाले.
त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

मी सांगितलं, बरणी अजून मागच्या पायरीवर आहे,
पेट्रोल मोरीत ओतत नाहीत म्हणून ठेवलीय.
त्यांनी ती उजेडाकडे धरली.
“सत्त्याऐंशीची असेल यातली थोडी,” म्हणाले,
आणि परत जागेवर ठेवली.

संध्याकाळी आम्ही दोघं गरवायला गेलो.
त्यांनी पहिली फेक केली,
चाळीस वर्षांच्या सवयीचा अंगठा
जिथे टेकायचा तिथेच टेकला,
आणि रीळ त्याच्या आधीच पुढे धावलं.
दोरीचा असा गुंता झाला
की कावळ्यालाही घरटं म्हणून चाललं असतं.

शिसं पायाशी पडलं.
समुद्र आपला येत होता, जात होता.

कोरड्या लाकडी बांधावर बसून
कपाळावरच्या दिव्यात आम्ही गुंता सोडवायला घेतला.
“पुढच्या वेळी दाट तेल,” ते म्हणाले.
मला फक्त पुढच्या वेळी ऐकू आलं.

“हा पदर धर,” म्हणाले. “ओढू नकोस.
नुसता धर.”