आदोळी

यादी सासऱ्यांनी केली.
एकतीस वर्षं कदंबात कंडक्टर,
त्यामुळे प्रत्येक वस्तूला नंबर, आणि ती गाडीत चढली
की जुन्या पंचानं कागदाला भोक.

तंबू दोन. एक माझ्या भावाचा, उसना,
चेन अर्ध्यावर अडणारी.
उकडे तांदूळ. मिस्कूट. कोकमं.
अळसांद्यांच्या तोणाकाचं वाटण, पहाटे चारला भाजून वाटलेलं,
डब्याला दोन रबरं.
सुकी सुंगटं, पाच पिशव्यांत एकात एक,
तरी फोंडा सुटायच्या आत सगळ्या गाडीला कळलं
किसमूर होणार आहे.
नारळ सात.
"सहा पुरतील," मी म्हटलं.
सासूबाईंनी काही न बोलता आठवा ठेवला.

नेत्रावळीला मामेसासऱ्यांचा काजूंचा डोंगर.
डिसेंबरचं ऊन, पायाखाली पाचोळा कुरकुरणारा,
खाली ओहोळ, ऐकू येईल इतकाच.
उल्हासनं तंबू लावायचं मोबाइलवर तीनदा पाहिलं होतं.
इथं रेंज नाही.
पहिला तंबू उभा राहिला तो आतलं बाहेर होऊन,
खिसे सगळे बाहेर.
स्वेजानं त्यात पानं भरली, एकेका खिशात एकेका झाडाची.

चूल पेटली. भात रटरटू लागला.
नारळ फुटला, पाणी तन्वेशच्या शर्टावर.
आणि मग मी हात पुढे केला, न बघता,
घरी करते तसा, आदोळीकडे.

आदोळी नव्हती.

यादी काढली. नंबर बावीस, आदोळी.
पुढे भोक.
"भोक आहे म्हणजे चढली," सासरे म्हणाले.
"मग उतरली कुठं?" उल्हास म्हणाला.
पिशव्या उपड्या झाल्या. तंबू झटकला गेला.
चमच्यानं खरवडून पाहिलं, चमचा वाकला.
खोबऱ्याशिवाय किसमूर म्हणजे
नुसता वास.

तन्वेश कुठंतरी गेला होता.
आला तो दोन्ही मुठी गच्च भरून:
फेणीच्या बंद भट्टीपाशी पडलेली
सोड्याच्या बाटल्यांची बुचं, गंजकी, दातेरी.
सासऱ्यांनी ती राखेनं घासली,
उकळली,
पुन्हा घासली.
भट्टीच्या दाराचे चार खिळे उपसले (मामांना अजून सांगितलेलं नाही)
आणि तंबूच्या एका खुंटीवर बुचं ठोकली,
दात वर.

मग सगळे खवायला बसलो.
पाळीपाळीनं, वाटी मांडीत धरून.
उल्हासला येत नव्हतं, त्याचं नख गेलं.
स्वेजा खवे तेवढं खाई.
सासरे दर पन्नास फेऱ्यांनी "नेक्स्ट" म्हणत.
सासूबाई जरा लांब, दगडावर,
कांदा चिरत, बघत.
खोबरं जाडंभरडं पडलं, त्यात करवंटीचे तुकडे.
किसमूर दाताखाली कचकचली.
वाडगं पुसून घेतलं शेवटी कुणी, आठवत नाही.

रात्री खुंटी कमी म्हणून एकच तंबू नीट उभा,
सहाजण त्यात.
पलीकडच्या उतारावर भेकर ओरडलं, कुत्र्यासारखं.
मुलं दचकून मागे सरली
आणि सासरे झोपेतच म्हणाले,
"फुडें वचात, फुडें. जागा आसा."

सकाळी पेज, मिस्कुटाची एकेक फोड,
आणि आंघोळीचा विषय कुणी काढला नाही.

घरी आल्यावर डिकी रिकामी केली.
स्टेपनीच्या खाली, जुन्या गोणपाटात गुंडाळलेली,
घसरू नये म्हणून दोरीनं बांधलेली:
नंबर बावीस.
सासऱ्यांना ती बांधल्याचं आठवेना. सारखे यादी बघत राहिले.

सासूबाई गॅलरीत तंबू वाळत घालत होत्या.
"दिसली होती मला," म्हणाल्या. "तिथं पोचल्या पोचल्याच."
मग बोलला का नाहीत?
त्यांनी कापडाची एक सुरकुती ओढून सरळ केली.
"घरी मी एकटीच खवते."

खिशातून पानं पडत होती,
एक काजूचं, एक माट्टीचं,
एक कशाचं ते कुणालाच ओळखता आलं नाही.